२०३ तास, तरीही अर्ज परत

माझ्या लॉगबुकात २०३ तास होते आणि तरीही कमर्शियल पायलट लायसन्सचा अर्ज परत आला. नियमात २०० तास लागतात, माझ्याकडे तीन जास्तच होते. ऑक्टोबरातली दुपार, नागपुरात प्रतापनगरच्या घरात आईची दिवाळीची साफसफाई चालू, आणि मी मोबाइलवर ईजीसीएचं, म्हणजे परवाने देणाऱ्या डीजीसीएच्या ऑनलाइन अर्जांचं पान पुन्हा पुन्हा उघडून एकच शेरा वाचत बसले होते. अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत रात्रीची टेक-ऑफ आणि लँडिंग पुरेशी नाहीत, असा त्याचा अर्थ होता.

त्या शेऱ्यापायी हे सगळं लिहायला घेतलं. पोरगी पायलट होतेय म्हटलं की ओळखीचे लोक दोन गोष्टी विचारतात: पैसे किती आणि तास किती. दोन्हीची उत्तरं कोणीही देतं. ते तास कुठले, कोणत्या हुद्द्यानं केलेले आणि किती जुने, हे कोणी विचारत नाही. शिकणाऱ्यानं मात्र पहिल्या दिवसापासून तेच विचारायला हवं होतं.

आधी हिशेब सांगते, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. वय १८ पूर्ण, बारावीला फिजिक्स आणि गणित, क्लास वन मेडिकल, लेखी पेपर ७० टक्क्यांनी पास, आणि रेडिओवर बोलायच्या परवान्याची वेगळी परीक्षा. हे जमिनीवरचं. हवेतले तास २००. त्यातले किमान १०० पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी तुमची. शेजारी इन्स्ट्रक्टर बसून शिकवतोय ते ड्युअल, ते या शंभरात येत नाहीत. या शंभरातले १५ तास अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले पाहिजेत. क्रॉस-कंट्री, म्हणजे आपला विमानतळ सोडून लांबच्या गावी उडण्याचे, २० तास, त्यात एक फेरी ३०० नॉटिकल मैलांची आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून, थांबून पुन्हा निघालेली. फक्त उपकरणांकडे बघून उडवलेले १० तास, त्यातले जास्तीत जास्त ५ सिम्युलेटरवर. रात्रीचे ५ तास, आणि त्यात कमांडमध्ये किमान १० टेक-ऑफ, १० लँडिंग, तीही मागच्या सहा महिन्यांतली. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचं न दिसता उपकरणांवर उडवायची परवानगी, सोबत करायचं असेल, आणि नोकरीसाठी ते करावंच लागतं, तर क्रॉस-कंट्रीचे २० पुरत नाहीत, कमांडमधले ५० लागतात, आणि उपकरणांवरचे १० ऐवजी ४०, त्यातले सिम्युलेटरवर २० पर्यंत चालतात.

एकच तास यातल्या दोन-तीन रकान्यांत बसू शकतो. रायपूरला एकटीनं गेलात तर तो कमांडमध्येही धरला जातो आणि क्रॉस-कंट्रीतही. नीट आखलं तर २०० तासांत सगळं बसतं. आखणी चुकली की तास वाढत जातात, आणि विमानाच्या तासाचा भाव काय असतो ते घरातल्या सगळ्यांना पाठ असतं. माझ्यासाठी बेसातला प्लॉट विकला गेला. तो बाबांनी म्हातारपणासाठी घेतला होता.

माझे पहिले ११२ तास दुसऱ्या राज्यातल्या एका संस्थेत झाले. पाच विमानं दाखवून प्रवेश दिला, त्यातली दोन उडत होती. एक इंजिनच्या ओव्हरहॉलला गेलेलं, एक सुट्या भागाची वाट बघत उभं, आणि पाचव्याबद्दल कोणी काही बोलायचं नाही. दर १०० तासांनी विमान तपासणीला जातंच, ते गेलंच पाहिजे. पण दोन विमानांवर साठ मुलं असली की एक विमान चेकमध्ये गेल्यावर पुढचे पंधरा दिवस हॉस्टेलच्या खोलीत जातात. ज्या महिन्यात जे विमान आणि जो इन्स्ट्रक्टर मिळेल, ते उडायचं. अशाच एका नोव्हेंबरात स्लॉट रिकामा होता म्हणून माझे रात्रीचे ५ तास आणि १० लँडिंग उरकून टाकले. तेव्हा मला आनंदच झाला, एक रकाना भरला म्हणून. अजून नव्वदएक तास बाकी असताना सहा महिन्यांनी शिळा होणारा रकाना आधी भरणं म्हणजे पाहुणे यायच्या आठ दिवस आधी स्वयंपाक करून ठेवणं, हे तिथं कोणीच सांगितलं नाही. मी एकवीस वर्षांची होते, विचारायला हवं हेही सुचलं नाही.

फेब्रुवारीत ती संस्था सोडली. कागद इकडचे तिकडे होण्यात दोन महिने गेले आणि एप्रिलमध्ये मी नागपुरात, सोनेगावच्या धावपट्टीवर उडायला लागले. लहानपणी वर्धा रोडवर स्कूटर थांबवून बाबा जी विमानं दाखवायचे, ती याच धावपट्टीवर उतरायची.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल एक सांगायलाच हवं. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून १०३३ फुटांवर आहे. मे महिन्यात पारा ४४ ला गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण पावणेपाच हजार फुटांच्या आसपास असल्यासारखं वाटतं. त्याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. पुस्तकात ते एक गणित होतं. इथं ते पाठीला जाणवलं. तेच सेसना १७२, तितकंच पेट्रोल, पण धावपट्टी संपत आली तरी चाकं जमीन सोडत नाहीत असं वाटायचं, आणि वर चढताना काटा मिनिटाला चारशे फुटांच्या पुढं सरकायचा नाही. म्हणून आम्ही पहाटे उडायचो. साडेचारला उठायचं, साडेपाचला विमानाजवळ. टाकीखालच्या एकेका नळीतून कपभर पेट्रोल काढायचं, आमच्या विमानाला अशा तेरा जागा आहेत, आणि कप उजेडाकडे धरून बघायचं. विमानाचं पेट्रोल फिकट निळं असतं. पाणी असेल तर ते तळाशी वेगळं, पारदर्शक थेंबासारखं बसतं. एकदाच दिसलं मला, जूनच्या पहिल्या पावसानंतर, मुगाच्या दाण्याएवढं. कप ओतला, पुन्हा काढला, पुन्हा बघितला. पाच वेळा निखळ निळं आल्यावरच इंजिन चालू केलं. त्या दिवशी उशीर झाला म्हणून मागच्या मुलाची सॉर्टी, म्हणजे उड्डाणाची पाळी, गेली. सरांनी त्याला सांगितलं, तिनं बरोबर केलं.

तीनशे मैलांची फेरी मी एप्रिलच्या शेवटी केली. नागपूर, रायपूर, गोंदिया, परत नागपूर. नकाशावर मोजलं तर रायपूर साधारण १५०, तिथून गोंदिया ८४, गोंदियाहून घर ७४, म्हणजे ३०८ च्या आसपास. आठ मैल जास्त. एवढ्या कमी जादावर सरांनी आधी नाक मुरडलं, मग माझं मोजमाप स्वतः पट्टीनं तपासून सही केली.

सव्वासहाला निघाले आणि पहिली अडचण कोणत्याच पुस्तकात नव्हती. रायपूर नागपूरच्या बरोबर पूर्वेला आहे आणि सकाळी सव्वासहाला सूर्यही तिथंच असतो. साडेपाच हजार फुटांवर पाऊण तास समोर नुसता पांढरा झगझगाट. पुढचं काही दिसत नव्हतं म्हणून खाली बघून चालले. भंडाऱ्याला वैनगंगा आली, पात्रात वाळूच जास्त, पाण्याची एक बारीक रेघ. घड्याळ लावलं, ठरल्या वेळेपेक्षा दोन मिनिटं उशीर. म्हणजे समोरून वारा आहे. मग हायवे डाव्या-उजव्या बाजूला ठेवत साकोली, देवरी. देवरीनंतर जंगल दाट होत गेलं आणि रस्ता झाडांत बुडाला, तेव्हा पोटात थोडं हललं. खाली जागा नाही, इंजिन थांबलं तर कुठं, हा प्रश्न एकटीला पहिल्यांदा पडला. ड्युअलमध्ये तो प्रश्न शेजारच्या माणसाचा असतो. शंभर तास कमांडमध्येच का मागतात ते मला तिथं कळलं.

राजनांदगाव दिसलं आणि जीव भांड्यात पडला. भिलाईच्या अलीकडं टॉवरनं दोन चकरा मारायला लावल्या, एका मोठ्या विमानाला आधी उतरू दिलं. रायपूरच्या माना विमानतळावर उतरले, इंजिन बंद केलं, चाकांना अडणी लावली, वेळ लिहिली. पाणी प्यायले. कोणाशी तरी बोलावंसं वाटत होतं, पण बोलायला कोणी नव्हतं, मग आईला फोन केला. ती म्हणाली, "रायपूरहून बोलून राहिली? इतक्या लवकर?"

परतीला डावीकडं दूर धुरकट डोंगरगडची टेकडी दिसली. आजीसोबत तिथं पायऱ्या चढून बमलेश्वरीला गेले होते, ती आता वरून अंगठ्याएवढी. गोंदियाला, म्हणजे बिरसीला, प्रशिक्षणाच्या विमानांची इतकी गर्दी असते की रेडिओवर दोन वाक्यांच्या मधे आपलं वाक्य घुसवावं लागतं. तिथूनही थांबून निघाले. तिरोड्याकडून वैनगंगा पुन्हा ओलांडली तेव्हा साडेदहा होत आले होते आणि तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर यायला लागली होती. विमान बैलगाडीसारखं आदळत होतं. नागपूरला धावपट्टी दिसली तेव्हा उजवा हात थ्रॉटलवर इतका घट्ट होता की बोटं सोडवून मोकळी करावी लागली. लॉगबुकात लिहिलं: ३ तास २५ मिनिटं, कमांड, क्रॉस-कंट्री. उतरल्यावर वर्धा रोडला तर्री-पोहे खाल्ले, दोन प्लेट.

पावसाळ्यातले चार महिने थोडक्यात सांगते, कारण सांगण्यासारखं फारसं घडलंच नाही. ढग खाली, दिसायचं कमी, सॉर्टी रद्द. सिम्युलेटरचे तास मी तेव्हा भरले. ऑगस्ट-सप्टेंबरात मल्टी-इंजिनच्या १५ तासांसाठी तीन आठवडे बाहेर गेले.

त्या पंधरा तासांचं मात्र सांगते. डायमंड डीए ४२ ला दोन इंजिनं, आत जाणारी चाकं, आणि इंधन मोठ्या विमानांचंच, जेट फ्युएल. दोन इंजिनं म्हणजे दुप्पट सुरक्षित, अशी माझी समजूत होती. पहिल्याच दिवशी इन्स्ट्रक्टरनी वर गेल्यावर न सांगता डावीकडचा पॉवर लिव्हर मागं ओढला. विमानाचं नाक डावीकडं असं वळलं की कोणीतरी पंख धरून ओढावा. उजवं इंजिन पूर्ण जोरात, डावं पंख्यासारखं नुसतं फिरत अडथळा करतंय. मी हातानं सावरायला गेले. ते म्हणाले, "पायानं. आधी पायानं." उजवा रडर पूर्ण दाबला तेव्हा नाक थांबलं. मग ओळखायचं कसं की कोणतं इंजिन गेलं? जो पाय मोकळा, त्या बाजूचं. मोकळा पाय, मेलेलं इंजिन. पण लगेच बंद करायचं नाही, आधी त्याच बाजूचा लिव्हर मागं घेऊन खात्री करायची, कारण घाईत चालू इंजिन बंद केलेले लोक झालेले आहेत. आणि वेग. एका ठरावीक वेगाच्या खाली गेलात तर कितीही रडर दाबा, विमान उलटायला लागतं. दुसरं इंजिन तुम्हाला वाचवतं ते तुम्ही वेग राखला तरच. त्या रात्री झोपेतही माझा उजवा पाय ताठ होता, असं रूममेटनं सांगितलं.

चाचण्या सप्टेंबरअखेर झाल्या. दिवसाची, रात्रीची, क्रॉस-कंट्री दिवसाची आणि रात्रीची. ऑक्टोबरात अर्ज गेला. आणि परत आला.

संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले. ते जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात आहेत, तीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासलेल्या. मी रडून झाले होते. त्यांनी चहा घेतला, लॉगबुक मागितलं आणि विचारलं, "हा पी-वन म्हणजे काय?" पायलट-इन-कमांड, मी समजावलं. मग त्यांनी मोठ्या रजिस्टरचे दोन ताव जोडले, रूळ घेऊन रकाने आखले: तारीख, विमान, कुठून कुठं, कमांड, ड्युअल, रात्र, रात्रीची लँडिंग, क्रॉस-कंट्री, उपकरण. आणि एकेक ओळ मला वाचायला लावली. "पुढं. पुढं. थांब, हे परत वाच."

दोन रात्री लागल्या. रात्रीच्या लँडिंगांचा शोध लगेच लागला: नोव्हेंबरातली दहा कधीच बाद झालेली, आणि मागच्या सहा महिन्यांत कमांडमधली मोजून चार, जूनमधली. पण बाबांच्या पेन्सिलीला दुसरंही काही सापडलं, जे शेऱ्यात नव्हतं. पहिल्या संस्थेतल्या दोन सॉर्टी, १:१० आणि ०:४०. दोन्ही माझी तयारी तपासायच्या चेक सॉर्टी होत्या, इन्स्ट्रक्टर सोबत बसलेले, सहीही त्यांचीच, आणि तास मात्र कमांडच्या रकान्यात. बेरीज पुढच्या पानावर तशीच ओढत आलेली. माझे कमांडचे १०० तास ५५ मिनिटं प्रत्यक्षात ९९ तास ५ मिनिटं होते.

मी म्हटलं, कोणाच्या लक्षात आलं नाही, राहू द्या. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या मागं दीडशे माणसं बसतील. हा आकडा तू खोटा ठेवून राहिली तर पुढचा कोणता खरा ठेवशील?" दुसऱ्या दिवशी मी चीफ इन्स्ट्रक्टरांकडं दोन्ही ताव घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत बघितले, आणि जुन्या नोंदींवर दुरुस्ती करून सही केली. बोलले काही नाहीत, पण त्या आठवड्यात मला स्लॉट दिला. दोन सकाळी दोन तास कमांडमध्ये उडून ती कमी भरून काढली.

रात्रीचं राहिलं. सहा केली असती तर दहा झाली असती. पण सहा महिने मोजतात ते अर्जाच्या तारखेपासून मागं, आणि अर्जाची तारीख पुढं सरकली की जूनमधली चारही हातातून जाणार. दिवाळी संपली होती, स्लॉट कधी मिळेल सांगता येत नव्हतं. मी चार धरलीच नाहीत. दहाच्या दहा नव्यानं करायची ठरवली. पुढं डिसेंबरात दुसऱ्या खेपेला अर्ज गेला तो एकही प्रश्न न येता मंजूर झाला, आणि ते दोन ताव आता आमच्या तीन ज्युनिअर मुलींकडं झेरॉक्स होऊन फिरतायत.

त्या दहा लँडिंगांची रात्र नोव्हेंबरातली, थंडी नुकती सुरू झालेली. सरांनी सोबत दोन सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या, केली, इंजिन बंद करून उतरले, दार बाहेरून दाबून बघितलं आणि हात वर केला. मी एकटी राहिले. या धावपट्टीला रात्र नवी नाही. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री इथंच भेटायची, टपालाच्या थैल्या बदलून परत जायची. माझे आजोबा आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत होते, थैल्यांचं ते सांगायचे. तेव्हाच्या वैमानिकांकडं काय दिवे असतील, हे टॅक्सी करताना मनात आलं आणि रेडिओवर माझं कॉलसाइन ऐकू आल्यावर निघून गेलं.

रात्री जमीन दिसत नाही, फक्त दिवे दिसतात. एका बाजूला अख्खं नागपूर सांडल्यासारखं, दुसऱ्या बाजूला मिट्ट काळोख. काळोखाकडं वळलं की विमान तिरकं आहे की सरळ, हे शरीर खोटं सांगतं, म्हणून उपकरणांवरच विश्वास ठेवायचा. फायनलला, म्हणजे उतरायच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, आलं की धावपट्टीच्या कडेला चार दिवे: दोन पांढरे, दोन लाल म्हणजे उंची बरोबर. तिसऱ्या वेळी तीन पांढरे दिसले, मी उंच होते. जमलं असतं कदाचित. पण पॉवर दिली आणि परत वर गेले. ते लँडिंग धरलं जात नाही. नंतर पाचवं, सहावं. कडेच्या दिव्यांच्या रांगा दोन्ही बाजूंनी खांद्यापर्यंत वर आल्यासारख्या वाटल्या की नाक हळूच उचलायचं आणि वाट बघायची. चाकं टेकल्याचं डोळ्यांआधी पाठीला कळतं. सहा झाल्यावर टॉवरनं एका येणाऱ्या विमानासाठी बाजूला उभं केलं, वीस मिनिटं. उरलेली चार त्यानंतर.

प्रत्येक वेळी मांडीवरच्या कागदावर रेघ मारत होते. दहावी रेघ आडवी ओढली तेव्हा पावणेअकरा वाजले होते.

बाहेर वर्धा रोडला बाबा स्कूटरवर, कानाला मफलर गुंडाळून उभे होते. तासाभरापासून असतील. मी जवळ गेल्यावर त्यांनी हेल्मेट पुढं केलं.

"किती झाली?"

"दहा."

"वेळा लिहून घेतल्या?"

मी बॅगेतून कागद काढला. त्यांनी खांबाच्या उजेडात तो डोळ्यांजवळ धरला आणि वरून खाली, बोट ठेवत, एकेक वाचला.